श्रोते कुठे चुळबुळले: राष्ट्रपतींच्या एका चरित्रवाचनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, दुकानात गुजराती, शाळेत इंग्रजी, असा तिथला दिवस जातो. तिसऱ्या-चौथ्या पिढीतली मुले मराठी सहज बोलतात, पण छापील मराठी वाचायला कंटाळतात. म्हणून तिथल्या एका छोट्या मंडळात पुस्तकापेक्षा अभिवाचन जास्त चालते. तिघे-चौघे वाचक, समोर स्टँडवर संहिता, दीड तासाचा कार्यक्रम आणि मग चहा.

प्रजासत्ताक दिनाला हे मंडळ दरवर्षी देशभक्तिपर गीते करायचे. या वेळी ठरले की डॉ. राजेंद्रप्रसाद यांचे चरित्र वाचायचे. त्यासाठी संहिता शोधावी लागणार नव्हती. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकांनी, राजेंद्रबाबूंवर दोनेकशे पानांचे हस्तलिखित करून ठेवले होते. इथे त्यांना नुसते सर म्हणतो, तिथेही सगळे तेच म्हणतात. हस्तलिखितातून दीड तासाची संहिता काढायचे काम माझ्याकडे आले.

सरांना चरित्रांचे वेड लागले ते मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ज्या ग्रंथालयव्यवस्थेचा पाया घातला, तिचे हे मुख्य ठिकाण. सरांनी कॉलेजात असताना तिथे लिंकनची मिळतील तेवढी चरित्रे वाचून काढली. राष्ट्राध्यक्षाचे चरित्र कसे असावे याचा त्यांचा नमुना तिथेच ठरला. पुढे जे झाले त्याची बरीचशी मुळे या नमुन्यात आहेत.

अडचण

पहिले वाचन मंडळाच्या खोलीत, वीसेक माणसांसमोर झाले. वाचकांच्या बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून एक वहिनी बसल्या होत्या. त्यांच्याकडे संहितेची एक प्रत आणि पेन्सिल. श्रोते चुळबुळले, कुणी घड्याळ पाहिले, मोबाईल उजळला, की समासात त्या ओळीसमोर फुली मारायची एवढेच त्यांचे काम. चर्चेत लोक भिडेखातर ‘छान झालं’ म्हणतात, समासातल्या फुल्या भीड ठेवत नाहीत.

फुल्या कुठे पडल्या ते पाहिले. पदव्यांच्या यादीवर पडल्या. काँग्रेसच्या अध्यक्षपदांवर पडल्या: १९३४, १९३९, १९४७, तिन्ही वेळा क्रियापद एकच, ‘भूषवले’. सर्वांत जास्त पडल्या १९५० नंतर. खरे तर माणूस राष्ट्रपती होतो तिथे चरित्र चढायला हवे, इथे नेमके तिथेच बसले. बारा वर्षांचे राष्ट्रपतिपद अकरा पानांत उरकले होते आणि त्यातली सहा पाने परदेश दौरे, भाषणे आणि मुगल गार्डन.

पण फुल्यांपेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच निघाली. संहितेत सोमनाथचा उल्लेख दोन ओळींचा होता: पंतप्रधानांची नापसंती असूनही राजेंद्रबाबू ११ मे १९५१ रोजी प्राणप्रतिष्ठेला गेले. त्यावर मागच्या रांगेतून एका काकांनी वाचन थांबवून विचारले, “मग नेहरू काय म्हणाले?” वाचकाने पान उलटले. पुढे इंडोनेशिया होता.

संहिता जिथे घाईने पुढे सरकत होती तिथेच श्रोते जागे होते, आणि जिथे ती निवांत रेंगाळत होती तिथे ते झोपत होते.

याची तीन कारणे मला दिसली. पहिले साधनांचे. सरांचा मुख्य आधार म्हणजे राजेंद्रबाबूंची आत्मकथा. तिचा बराचसा भाग १९४२ ते १९४५ या काळात बांकीपूरच्या तुरुंगात लिहिलेला, त्यामुळे ती राष्ट्रपतिपदाच्या आधीच संपते. जिरादेईचे बालपण, कलकत्त्याचे शिक्षण, चंपारण, १९३४ चा बिहारचा भूकंप हे सगळे भरभरून आले होते, आणि पुढच्या काळाला सरांच्या हाती सरकारी गौरवपर लेखन तेवढे उरले.

दुसरे कारण आदराचे. सरांनी राजेंद्रबाबूंचा कुणाशी मतभेद झाला असे वाक्य जिथे आले तिथे ते गाळले होते किंवा ‘तथापि परस्परांविषयी नितांत आदर होता’ असे लिहून मिटवले होते. आदर होताच, पण भांडण काय होते ते कळल्याशिवाय त्या आदराची किंमत श्रोत्याला कशी कळणार?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते लिंकनच्या नमुन्याशी जोडलेले आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः निर्णय घेतो. लिंकनने २२ जुलै १८६२ ला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. सल्ला विचारला तो कधी जाहीर करावा याचा, करावा की नाही याचा नव्हे. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. लिंकन थांबला, अँटिटमची लढाई झाली आणि सप्टेंबरमध्ये जाहीरनामा निघाला. असे प्रसंग एकामागून एक ठेवले की चरित्र आपोआप पळते, कारण सूत्रे नायकाच्या हातात असतात. भारताच्या राष्ट्रपतीला हा साचा लावला की तो दुबळा दिसतो. तो निर्णय घेत नाही, सही करतो. मग लेखक त्याला मोठे दाखवण्यासाठी गुणगान वाढवतो आणि श्रोता घड्याळ पाहतो. आपल्या राष्ट्रपतींच्या कितीतरी चरित्रांचे हेच होते: पद शेवटच्या प्रकरणात बक्षीस म्हणून येते, आणि बक्षीस मिळाल्यावर गोष्ट संपते.

विचारात घेतलेले पर्याय

मंडळाच्या बैठकीत चार सूचना आल्या.

एक, व्यक्ती बदला, डॉ. कलाम घ्या. तरुण येतील. हा पर्याय मोहक होता. पण कलामांचे पेपर टाकणारा मुलगा, क्षेपणास्त्रे, विद्यार्थ्यांशी गप्पा हे सगळे श्रोत्यांना पाठ आहे. ज्या प्रसंगांत राष्ट्रपती म्हणून त्यांची कसोटी लागली ते लोकांना माहीत नाहीत: मे २००५ मध्ये मॉस्कोत असताना बिहार विधानसभेच्या विसर्जनावर केलेली सही, जे विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरवले, किंवा २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवले ते. म्हणजे व्यक्ती बदलूनही काम तेच उरत होते.

दोन, मराठी म्हणून प्रतिभाताई पाटील. एका ताईंनी हे आग्रहाने मांडले आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. अडचण साधनांची होती. हयात व्यक्तीची खासगी पत्रे, टिपणे हाती नसतात, आणि ती नसली की पुन्हा गौरवग्रंथच होतो.

तीन, संहिता तीच ठेवा, मध्ये गाणी आणि पडद्यावर छायाचित्रे घाला. मंडळाच्या कार्यकारिणीला हे सर्वांत सोयीचे वाटत होते. मला हे नापसंत होते. जेवण बेचव झाले म्हणून ताट चांदीचे केले तर पंगत दोन घास जास्त खाईल, एवढेच.

चार, राजेंद्रबाबूच ठेवा आणि मांडणी उलटी करा. राष्ट्रपतिपद शेवटी नको, तेच सुरुवातीला आणि तेच मुख्य. टेबलावर फाईल आली आहे, सही करायची की नाही, आणि न करण्याचा अधिकार आपल्याला आहे तरी का, हा प्रश्न दीड तास ताणायचा. बालपण, चंपारण, भूकंप हे त्या प्रश्नाच्या ओघात मागे जाऊन सांगायचे.

सरांना चौथा पर्याय मान्य नव्हता. “माणूस जन्मल्याशिवाय राष्ट्रपती होत नाही,” ते म्हणाले. शेवटी ते तयार झाले ते फुल्या मारलेली प्रत स्वतः घरी नेऊन चाळल्यावर. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढेच बोलले, “परीक्षकांनी पेपर बरोबर तपासलाय.”

काय केले

पहिला निर्णय सुरुवातीचा. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग होता: बहीण भगवतीदेवी यांचे २५ जानेवारीच्या रात्री निधन, घरात मृतदेह, आणि दुसऱ्या दिवशी संचलनाची मानवंदना घेऊन मगच अंत्यसंस्कार. बालवयात विधवा होऊन माहेरी आलेली ही मोठी बहीण. सरांच्या हस्तलिखितात वर्ष १९५० होते, म्हणजे प्रजासत्ताकाचा पहिलाच दिवस. अभिवाचनाला याहून जोरदार आरंभ नसता. पण पडताळताना दिसले की काही ठिकाणी १९५० दिले आहे, तर काही ठिकाणी १९६०. दहा वर्षांचे अंतर. १९५० चा मोह उघड आहे, त्यात नाट्य जास्त आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहायला हवे. प्रसंग आरंभातून काढला आणि वर्ष न सांगता, ‘राष्ट्रपती असताना एका २५ जानेवारीला’ असे म्हणून उत्तरार्धात ठेवला. वाचक मंडळी नाराज झाली. माझ्या मते हा संहितेतला सर्वांत योग्य निर्णय होता. तिथे तो शपथविधीला झाकोळत नाही, आणि तोवर श्रोत्यांना या माणसाची कर्तव्याविषयीची जिद्द माहीत झालेली असते, त्यामुळे धक्का न बसता वेदना पोचते.

त्याच कारणाने ‘परीक्षार्थी परीक्षकाहून हुशार आहे’ हा राजेंद्रबाबूंच्या उत्तरपत्रिकेवरचा शेरा ‘अशी गोष्ट सांगतात’ एवढे म्हणून ठेवला. लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र आपल्याकडे शाळाशाळांतून भिंतीवर लटकते, ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही हे सरांनीच मला पूर्वी सांगितले होते. लिंकनला लावलेला नियम राजेंद्रबाबूंना लावायला त्यांना जरा जड गेले, पण लावला.

मग आरंभ कशाने? सप्टेंबर १९५१ ने. हिंदूंच्या विवाह, घटस्फोट आणि वारशाचे कायदे बदलणारे हिंदू कोड बिल हंगामी संसदेपुढे आहे. राजेंद्रबाबू नेहरूंना लिहितात की सार्वत्रिक निवडणूक न झालेल्या संसदेने समाजाच्या मुळाशी जाणारा असा बदल करू नये, आणि विधेयक आपल्याकडे आलेच तर ते गुणावगुणांवर तपासण्याचा हक्क आपण राखून ठेवू. नेहरू हादरतात. महान्यायवादी सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागवतात. दोघेही सांगतात की राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे. तरी विधेयक त्या वेळी बारगळते आणि त्याच महिन्यात कायदामंत्री आंबेडकर राजीनामा देतात.

इथे एक कसब लागले. आज आपल्याला उत्तर माहीत आहे, म्हणून राजेंद्रबाबू हट्टी वाटतात. पण १९५१ मध्ये ते उत्तर कुठे लिहिलेले नव्हते. कलम ५३ म्हणत होते की संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीकडे आहे, कलम ७४ म्हणत होते की साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. सल्ला बंधनकारक आहे हा शब्दशः उल्लेख आला १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणि एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने. म्हणजे घटना समितीचा हा अध्यक्ष, जन्मभर कायदा जाणणारा वकील, आपल्याच अध्यक्षतेखाली संमत झालेल्या कागदातली खरीखुरी रिकामी जागा दाखवत होता. आम्ही १९७६ चा उल्लेख संहितेत शेवटपर्यंत येऊ दिला नाही. श्रोत्याला राजेंद्रबाबूंइतकेच अंधारात ठेवले. चरित्र वाचनीय होण्याचे एकच कारण कुणी मला विचारले तर मी हे सांगेन: पुढे काय झाले हे लेखकाला ठाऊक असूनही त्याने ते नायकाच्या कानात सांगता कामा नये.

दुसरा पेच सोमनाथचा. नेहरूंनी मार्च १९५१ मध्येच लिहून कळवले होते की राष्ट्रपतींनी या समारंभाशी संबंध ठेवू नये. राजेंद्रबाबू म्हणत होते की निमंत्रण मशिदीचे किंवा चर्चचे आले असते तरी मी गेलो असतो. गुजरातेत हा प्रसंग वाचायचा म्हणजे टाळ्या कुठे पडणार हे आधीच ठाऊक. म्हणून दोघांची बाजू दोन वाचकांना वाटून दिली आणि नेहरूंची बाजू मुद्दाम मंडळातल्या सर्वांत भारदस्त आवाजाच्या गृहस्थाला दिली. ते स्वतः राजेंद्रबाबूंच्या बाजूचे. तालमीत ते मुद्दे वाचता वाचता एकदा थांबले आणि म्हणाले, “हाही माणूस काही चुकीचं बोलत नाहीये.” त्या वाक्यानंतर तो भाग पुन्हा तपासायची गरज उरली नाही.

आणखी एक जोड स्थानिक होती, ती सरांनी दिली. हिंदूंना घटस्फोटाचा कायदा बडोदे संस्थानाने १९३१ मध्येच केला होता. ज्या आंबेडकरांना या संस्थानाने १९१३ मध्ये परदेशी शिक्षणाला पाठवले, आणि १९१७ मध्ये ज्यांना याच गावात राहायला जागा मिळाली नाही, त्यांनीच दिल्लीत पुढे या विधेयकासाठी मंत्रिपद सोडले. हा परिच्छेद मी एका शब्दानेही बदलला नाही.

बाकी काटछाट सरळ होती. ‘भूषवले’ सगळीकडून गेले. भूकंप ठेवला, कारण तिथे राजेंद्रबाबू तुरुंगातून नुकतेच सुटलेले, दम्याने बेजार, आणि तरी मदतीच्या पैशांचा हिशेब सांभाळत आहेत. परदेश दौरे गेले.

निष्पत्ती

२६ जानेवारीच्या संध्याकाळी सभागृह भरले होते. वहिनी पुन्हा पेन्सिल घेऊन बसल्या. पहिल्या तासात फुल्या तुरळक. हिंदू कोड बिलाचा भाग संपला तेव्हा ‘१९३१’ ऐकून पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “आपल्याकडे वीस वर्षं आधी!” तो आवाज वाचकांपर्यंत गेला. सोमनाथला टाळ्या पडल्याच, पण नेहरूंचे म्हणणे लोकांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि चहाच्या वेळी वाद झाला तो दोन्ही बाजूंनी. लीलो चेवडो संपला तरी लोक हलेनात. कॉलेजातल्या एका मुलाने विचारले की राष्ट्रपतीने सहीही केली नाही आणि परतही पाठवले नाही तर? त्याला राष्ट्रपती झैलसिंग यांनी तसेच पडून ठेवलेले १९८६ चे टपाल विधेयक सांगावे लागले, कारण कलम १११ मध्ये सहीची मुदतच दिलेली नाही.

सगळे काही जमले असे नाही. शेवटची वीस मिनिटे पडली. २८ नोव्हेंबर १९६० रोजी इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या समारंभात राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असे जाहीरपणे सुचवले, म्हणजे नऊ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उचलला. कागदावर हा कळसाध्याय वाटत होता. ऐकताना ते भाषणाचे वृत्त झाले, आणि समास फुल्यांनी भरला. मधल्या काळात त्याच राष्ट्रपतींनी १९५५-५६ मध्ये त्याच हिंदू कोड बिलातून झालेल्या चारही कायद्यांवर सह्या केल्या, ही खरी कळसाची जागा होती. ती आम्ही एका वाक्यात ओलांडली होती.

दोन ज्येष्ठांनी लेखी नाराजी कळवली: प्रजासत्ताक दिनी पहिल्या राष्ट्रपतींची उणीदुणी कशाला? मंडळाने उत्तर दिले नाही. माझ्या मते द्यायला हवे होते. ज्या सभेत मतभेद सन्मानाने कसा करावा हेच दीड तास वाचले, तिथे पत्राला उत्तर न देणे शोभत नाही.

वेगळे काय करता आले असते

राजवंशीदेवी जवळजवळ नव्हत्या. बारा-तेराव्या वर्षी लग्न, नवऱ्याचे आयुष्य तुरुंग आणि दौऱ्यांत, पुढे राष्ट्रपती भवन. पत्नीला संहितेत दोन वाक्ये मिळाली, आणि हे अनेक स्त्री-श्रोत्यांनी लगेच ओळखले. साधने तोकडी आहेत हे खरे. पण घरातल्या सुधारणेविषयी, स्त्रियांच्या वारशाविषयी वाद घालणाऱ्या माणसाचे घर कसे होते, हा प्रश्न निदान विचारून ठेवता आला असता.

१९५५-५६ च्या सह्या हा शेवट करून १९६० चे भाषण गाळायला हवे होते. ज्याला एक कायदा पसंत नाही तो लोकांनी निवडलेल्या संसदेपुढे मान तुकवून त्यावर सही करतो, यात त्याचा १९५१ चा आक्षेपही खरा ठरतो आणि मर्यादाही दिसते.

आणि वाचक तरुण हवे होते. तिघेही साठीच्या पुढचे असल्याने १९५१ चे राजकारण आठवणीसारखे ऐकू येत होते. विशीतल्या आवाजात ते प्रश्नासारखे ऐकू आले असते. त्यासाठी त्या मुलांना महिनाभर आधी संहिता मोठ्या अक्षरांत द्यावी लागेल, कारण अडखळत वाचण्याची लाज हेच त्यांच्या न येण्याचे खरे कारण आहे.

सर आता पुस्तक नव्याने लिहीत आहेत. पहिले प्रकरण सप्टेंबर १९५१ चे झाले आहे आणि ते चांगले झाले आहे. दुसऱ्यात ते जिरादेईला परततात आणि चंपारणला साठ पाने देतात. मी वीस म्हणतो. ते म्हणतात, गांधीजींबरोबर शेतकऱ्यांचे हजारो जबाब नोंदवणारा वकील दाखवल्याशिवाय पुढचा कागदावर अडून बसणारा राष्ट्रपती कळणार नाही. चाळीसपर्यंत आम्ही दोघेही आलो आहोत.